पाव इंच

"ठंडं होऊ द्या, मंग मोजा," असं म्हणून तो समोरच्याचा हात हळूच बाजूला सारायचा. आमच्या कारखान्यात तोफगोळ्यांची पितळी कवचं तपासणं हे त्याचं काम. गरम पितळ फुगलेलं असतं, म्हणून लढाईच्या धांदलीतही तो गरम कवचाला माप लावत नसे. साहेब ओरडून थकायचे.

कारखान्याबाहेर ज्याचं कुणीच नाही, असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल. आई गेल्यापासून तो गोरखपूर मोहल्ल्यात, माझ्या शेजारच्या खोलीत एकटाच राहायचा. लढाई पेटली आणि त्यानं फौजेत जायचं मनावर घेतलं. उंची पाव इंच कमी पडत होती, आणि भरतीचं वय दोन महिन्यांत उलटणार होतं.

"काहून जाता, भाऊ?" मी विचारलं.

"इथं जेवलो का, हे विचारणारं कोण आहे? तिथं पलटण असते."

मग योगासनं सुरू झाली. पहाटे उठून ताडासन, भुजंगासन. हात असे ताणायचा, जसे वरच्या फांदीचे आंबेच काढायचे आहेत! कामावर वाकून आलेलं पोक खरोखर गेलं. आसनं झाली की मी त्याला भिंतीशी उभं करून मोजायचो. दीड महिन्यात पाव इंच भरला. त्या दिवशी त्यानं मला खोव्याची जलेबी खाऊ घातली.

एकदा तो पाळी संपवून आला, तेव्हा मी सहज मोजलं. पाव इंच गायब. दिवसभर उभं राहून माणूस तेवढा दबतो. कवच थंड होईपर्यंत थांबणाऱ्या या माणसाला स्वतःचं माप असं बदलेल, हे सुचलंच नव्हतं.

"किती?"

"तेवढीच," मी म्हणालो. तो इतका खुशीत होता की खरं सांगायला जीभ रेटेना.

भरतीला तो पहाटेपासून रांगेत ताठ उभा राहिला. नंबर दुपारी लागला. पाव इंचासाठी परत पाठवला.

"त्या संध्याकाळी किती होती?" आल्या आल्या त्यानं विचारलं. मी खरं सांगितलं.

"मालूम असतं, तर रांगेत लेटून राहिलो असतो, भाऊ."

बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरात त्यानं बदली मागून घेतली. निघाला तेव्हा मी दारातच उभा होतो. खांद्यावर ट्रंक, तरी पाठ सरळ. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं हाक दिली, "फौजी भैया, स्टेशन?"

"फौजी नहीं हूँ," तो म्हणाला आणि रिक्षात बसला.