बेड्या काढून घेणारा दुसरा भाग

एका खुन्याला तुमच्या डोळ्यांदेखत बेड्या पडल्या. दहा वर्षांनी कुणी सांगितलं की तो निर्दोष होता, आणि हे पाहायचं तर तिकीट काढा, तर तुम्ही काढाल का?

रिसोडच्या बाजारात लोकांनी काढलं. मीही काढलं.

आमच्याकडे फिरता सिनेमा बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये लागतो. खिडक्यांना काळं कापड लावलं की भर दुपारी पडदा दिसतो, आणि बाजाराला आलेली माणसं टोपल्या रिकाम्या करून आत शिरतात. पुढे जमीन, मागे खुर्च्या, बायकांच्या बाजूला कापडाचा आडोसा. तिथे दरवर्षी एक चित्र हमखास यायचं. गिरणी मालकाचा भाऊ ओझं उचलायच्या दोराला गुपचूप अर्धा काप देतो. खाली काम करणारा माणूस मरतो. सगळे म्हणतात, दोर कुजका होता. शेवटच्या रिळात इन्स्पेक्टर दोराची दोन टोकं टेबलावर ठेवतो आणि दाखवतो की अर्धे पेड पिंजलेले आहेत, अर्धे सुरीने कापल्यासारखे सरळ. मग बेड्या.

ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती.

रिठदला आमचा भाजीचा मळा होता. विहीर शेजाऱ्याशी निम्मी-निम्मी. एक दिवस मोटेची पाळी आमची, एक दिवस त्याची. पाळीवरून रोज तोंडातोंडी व्हायची. मोट भरून वर येताना बैल उतरणीवरून खाली जातात आणि हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसतो. त्याच्या वजनाने बैलांचा भार हलका होतो. बाबा रोज तसेच बसत. त्या सकाळी ते बसले आणि नाडा तुटला. बैल पुढे उधळले, बाबा पाठीवर दगडांत पडले. तिसऱ्या दिवशी गेले. आदल्या दिवशी पाळी शेजाऱ्याची होती. नाडा आमचाच, पण रात्रभर विहिरीवरच राहायचा. पंचांनी लिहून दिलं, दोर कुजका होता.

बाईने मोट हाकायची आमच्याकडे रीत नाही, आणि मी लहान होतो. म्हणून आमची पाळीही शेजाऱ्याकडे गेली. आमची वांगी वाळली, त्याची मिरची दुप्पट झाली.

आणि आईने काय केलं? जे कुठलीही माळीण करेल तेच. दोर कुणी फेकत नाही. तेराव्यानंतर तिने तो तुटका नाडा उकलला, पेड सुटे केले, पुन्हा वळले आणि गुरांसाठी दोन दावी केली.

शेडमध्ये शेवटचं रीळ चाललं होतं. इन्स्पेक्टरने टोकं टेबलावर ठेवली आणि आडोशापलीकडून आईचा आवाज आला.

“आमच्या नाड्याचे बी असेच होते! अर्धे सरळ होते! वळताना मले सरळच बरे लागले हाताले!”

मशीन चालू होतं, पण माना आडोशाकडे वळल्या. मागे खुर्चीवरून शेजारी उठला आणि बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी आई ती दावी घेऊन ठाण्यात गेली. जमादार हसला. म्हणाला, “बाई, हे तं गाईचं दावं हाय. यानं का खून होते?”

आमच्या घरात पुस्तक नव्हतं. सभांमध्ये वाटलेली पत्रकं आई मेथीच्या जुड्या गुंडाळायला आणायची आणि गुंडाळायच्या आधी मी ती वाचून काढायचो. त्यांत न्याय मागितलेला असायचा, मिळालेला कधी नसायचा. मिळालेला मी एकाच ठिकाणी पाहिला, त्या शेडमध्ये, वर्षातून एकदा.

कारण शेजाऱ्याला दरवर्षी यावंच लागे. आला नाही तर गाव म्हणणार, भ्याला. यायचा, मिशीला पीळ देऊन बसायचा, आणि शेवटचं रीळ लागलं की उठायचा. मग पुढच्या जमिनीवरून कुणीतरी ओरडायचं.

“काहून उठले बाप्पा? असल मजा तं आता हाय!”

“पोट दुखून राह्यलं असन त्याईचं!”

“दरसाल याच टायमाले दुखते काय रे?”

सगळं शेड हसायचं. आई हसायची नाही. ती बेड्या पडेपर्यंत बघायची आणि मग टोपली उचलायची. सरकारने दिली नाही ती शिक्षा त्याला हप्त्याहप्त्याने मिळत होती. मला त्यात आनंद व्हायचा, आणि तो मी लपवणार नाही.

मग दुसरा भाग आला. खुनी भावाचं काम करणारा तोच नट, आता केस पिकलेले. तुरुंगातून सुटतो, आणि कळतं की दोर खरंच कुजका होता, इन्स्पेक्टरनेच टोकं बदलली होती. शेवटी हार, बँड, सगळा गाव पायाशी.

शेजारी शेवटपर्यंत बसला. त्याने टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना आईसमोर उभा राहिला.

“पाह्यलं का वयनी? दोर कुजकाच होता.”

आई म्हणाली, “तुमी कायले एवढे खुश होऊन राह्यले? तुमच्यावर कोनं खटला भरला होता?”

त्याचं तोंड उतरलं. पण या वेळी कुणी हसलं नाही. परत येताना गाडीत आमच्याच आळीचा एकजण म्हणाला, “एखांद्या वेळी खरंच कुजका असन, काकू. पंचाईनं पाह्यलाच होता नं.” नऊ वर्षं हाच माणूस सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

आता कुणी म्हणेल, सिनेमाच तो, एवढं काय मनावर घ्यायचं. मला सांगा, त्या गोष्टीत उरलं काय होतं? माणूस मेला, खुनी सापडला, बेड्या पडल्या. पुरी झालेली गोष्ट इतक्या वर्षांनी पुढे ओढायची तर एकच वाट राहते, पहिल्या भागातली साक्ष खोटी पाडायची. नटाला उतारवयात खलनायक म्हणवून घ्यायची लाज वाटली असेल. त्याने आपल्या बेड्या काढून घेतल्या, आणि जाता जाता आमच्या शेजाऱ्याच्याही.

मी फिरत्या सिनेमाच्या मालकाला गाठलं. म्हटलं, पुढच्या साली जुनं चित्र लावा.

“त्याची पट्टी झिजली, भाऊ. कंपनीले वापस धाडून राह्यलो. पब्लिक नवीनच मांगते.”

“पब्लिकने जुनं मागितलं तर?”

“कोन मांगते? तुमी एकटेच. वीस-पंचवीस गावांची पोस्टकार्डं दाखवा, ठेवतो.”

माझं कार्ड गेलं आहे. आईला लिहिता येत नाही, तिचं मी लिहिलं आणि तिने अंगठा दिला. रिसोड, शेलूबाजार, वाशीम, जिथे कुठे तुमच्या बाजारात फिरता सिनेमा येतो, तिथल्या मालकाच्या हातात एक पोस्टकार्ड द्या. दोनच ओळी लिहा: जुनं चित्र हवं, शेवटच्या रिळासकट. खाली गावाचं नाव. शेजारी आता म्हातारा झाला आहे, हिवाळ्यात फार खोकतो. वेळ थोडा आहे, आजच लिहा.