बुर्बुली आणि मुसळ

इनेसला मराठी तुम्ही शिकवलं नाही, अध्यक्षमहाशय.

सकाळी तुमची पोस्ट वाचली. काल गेलेल्या बाईशेजारी तुम्ही हसत उभे, असा जुना फोटो. खाली दिवा, जोडलेले हात, आणि 'आपल्या या लाटव्हियन सुनेला मराठीचे धडे देण्याचे भाग्य मला लाभले.'

लाभले म्हणे.

लेक म्हणते, बाबा, आजच्या दिवशी भांडण नको, आणि नाव तर अजिबात घेऊ नका. नाव घेत नाही. मस्कतमधल्या मराठी माणसाला ते विचारावं लागणार नाही.

ज्यांना इनेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राजापूरच्या आमच्या सुधीरची ही बायको. तो दुक्मला रिफायनरीवर, महिन्यातून एकदा घरी. ती इथे अमेरातला, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. सुधीरची आई फोनवर मराठीशिवाय बोलत नाही, आणि नवऱ्याने मध्ये पडून अर्थ सांगावा हे इनेसला पसंत नव्हतं.

"तो अर्धं बदलून सांगतो, काका."

म्हणून तिने आमची बेल वाजवली.

मी काही मास्तर नव्हे. रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, चष्म्याच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. मला येतात त्या शाळेतल्या कविता. मग त्याच शिकवल्या.

संध्याकाळी गॅलरीसमोरचे उघडेबोडके डोंगर तांबूस व्हायचे आणि मी मनाने माझ्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसायचो. मी एक ओळ म्हणायची, कराक चहाचा कप धरून तिने ती परत म्हणायची.

सगळं जमलं. ळ जमेना. सकाळचं सकाल, केळ्याचं केलं.

तरी आपल्या मराठी मंडळाच्या संमेलनात तिने नाव दिलं. नदीची ती कविता. सगळ्यांना वाटतं, आपल्याला पाठ आहे.

तिसऱ्या कडव्यात 'आभाळ'चं 'आभाल' झालं. पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खी रांग हसली. ती थांबली, आणि पुढची ओळ गेली ती गेलीच.

तुम्ही माइक हातात घेतलात.

"राहू द्या हो मॅडम. गोऱ्या माणसाला एवढं पुष्कळ."

हॉल खदखदून हसला.

तुमची स्वतःची मुलंही आभालच म्हणतात, साहेब. पण ती क्यूट.

इनेस खाली आली, माझ्या शेजारी बसली, पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"आइज्गाया पा बुर्बुली."

हे काय, विचारलं. तिने सांगितलं. त्यांच्याकडे काही फसलं, वाया गेलं, की म्हणतात. परीक्षा, लग्न, केक, काहीही. शब्दशः, बुडबुड्याच्या वाटेने गेलं.

बुर्बुली म्हणजे बुडबुडा. त्यांचा समुद्र कुठे, आपला कुठे, आणि फुटतानाचा आवाज तोच! म्हाताऱ्या माणसाचे एवढ्यानेही डोळे भरतात.

मी म्हटलं, आमच्याकडे याला मुसळ केरात म्हणतात. मग मुसळ म्हणजे काय ते सांगितलं. केर म्हणजे काय तेही.

ती जरा वेळ स्टेजकडे बघत राहिली.

"पण काका, मुसल केरात पडलं तर उचलायचं. धुवायचं. परत कांडायचं. बुर्बुली गेला, खलास." मग म्हणाली, "तुमचं चांगलं आहे."

जन्मभर मी ही म्हण वापरतोय. मुसळ उचलता येतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

पुढचं वर्षभर ळ. जिन्यात मुसळ, लिफ्टमध्ये मुसळ, सुपरमार्केटच्या रांगेत मुसळ. सुधीर वैतागायचा, मी काय साइटवरून मुसळ ऐकायला फोन करतो का?

आणि पुढचं संमेलन. तुमचं भाषण. आपली मराठी, आपली जबाबदारी. बोलता बोलता तुम्ही त्याच कवितेवर आलात. डोळे मिटून, हात पसरून. दोन कडवी झाली.

"आभाळ…" म्हणालात आणि थांबलात.

पाणी प्यायलात. परत "आभाळ…"

तिसऱ्या रांगेतून आवाज आला. हळू आणि स्वच्छ. पुढची ओळ, तिच्या पुढची, सगळं कडवं. त्यात ळ किती आहेत ते ज्यांना कविता खरोखर येते त्यांनाच माहीत. एकही सांडला नाही.

कुणी हसलं नाही. मी हसलो. एकटा, पोटभर. मागच्या वर्षीचं सगळं हसणं व्याजासकट परत केलं.

इनेसने मला कोपर मारलं. मग कानाशी वाकून म्हणाली, "काका, साहेब पा बुर्बुली."

त्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी तुम्ही तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतलात. आज पोस्टवर टाकलात तोच.

काल दुपारी तिचं हृदय बंद पडलं. सुधीर दुक्महून गाडी हाणत आला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्याने माझ्या हातात फोन दिला.

"काका, आईला तुम्हीच सांगा. मला मराठी सुचत नाहीये."

मी सांगितलं. पलीकडून म्हातारी म्हणाली, "असं कसं? सकाळीच बोलली की माझ्याशी."

तर अध्यक्षमहाशय, उद्या त्याच हॉलमध्ये शोकसभा. तुमच्या मेसेजमध्ये वाचलं की श्रद्धांजली म्हणून तुम्ही नदीची कविता म्हणणार आहात.

जरूर म्हणा.

मी येणार आहे. तिसऱ्या रांगेत बसेन, शेजारची खुर्ची रिकामी ठेवून. तिसऱ्या कडव्यात अडकलात तर पुढची ओळ सांगायला ती नाही.

मला येते. मी सांगणार नाही.

इनेस, निघणाऱ्याला आमच्याकडे जा म्हणत नाहीत, हे तुला शिकवलंच आहे.

ये, पोरी.