कड्यावरचं घरटं

“अगं, गिऱ्हाइकाला पक्षी उडतानाचा फोटो पाहिजे होता. एकदाच वाजवला हॉर्न!” ड्रायव्हर जेवता जेवता बायकोला म्हणाला.

“एकदाच? रोज वाजवता की!”

तिचं खरं होतं. किनाऱ्याच्या रस्त्यानं पाहुण्यांना डॉल्फिन आणि दुर्मिळ पक्षी दाखवायचे, हा त्याचा बारा वर्षांचा धंदा. कड्यापाशी हॉर्न मारला की घरट्यावरची मादी भर्रकन उडायची आणि गाडीतली मंडळी खूश व्हायची. आज मात्र ती परतायच्या आत कावळ्यांनी तिन्ही अंडी फोडली. ते बघूनही त्यानं मुकाट गाडी पुढं काढली होती.

“गिऱ्हाइकाला हे सांगायला तुमची जीभ कुठं गेली होती तेव्हा?” सगळं ऐकल्यावर बायकोनं विचारलं.

त्यानं ताट बाजूला सारलं. तेवढ्यात दुपारची गिऱ्हाइकं दारात आली.

“तो कड्यावरचा पक्षी दाखवणार ना?”

“नाही, फक्त डॉल्फिन दाखवीन. आज सकाळी मीच त्या पक्ष्याचं घर बुडवलं,” म्हणत त्यानं हात धुतले आणि गाडीची किल्ली उचलली.