सुपडाभाऊंची दुसरी रास

सुपडाभाऊ ज्या कबरीची राखण करायचे, ती रिकामी होती.
रिकामी आम्हीच केली होती.

आज त्यांची तेरवी.

संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं शेत. शेताच्या कोपऱ्यात काळ्या दगडांची मोठी रास. आमच्या पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिच्याखाली नवाश्मयुगातलं दफन निघालं. एक माणूस, पाय पोटाशी घेऊन निजलेला. उशाशी मडकं.

हाडं लॅबला गेली. दगडांवर नंबर टाकले होते, त्याच क्रमाने रास पुन्हा रचली.

देखभाल माझ्याकडे आली. पावसाळ्यानंतर जायचं, झुडपांची मुळं काढायची, कुठला दगड सरकलाय का बघायचं, ठरलेल्या जागेवरून फोटो घ्यायचा.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये जेमतेम एका ओळीत आहे. राशीचा सगळ्यात वरचा थर सुट्या, अलीकडच्या दगडांचा होता. तो नंबर न टाकता काढला आणि बांधाशी टाकला.

त्या गावात घरातलं माणूस गेलं की तेरवीला राशीवर एक दगड ठेवतात. हे आम्हाला नंतर कळलं.

सुपडाभाऊंनी भांडण केलं नाही. बांधाशी पडलेले दगड त्यांनी नीट रचले. लोकांना सांगितलं, आता इथं ठेवत जा, तिकडं ठेवले की मॅडम रागावतात.

मी रागावत नव्हते. फक्त उचलून बाजूला ठेवत होते.

अशी दुसरी रास उभी राहिली. साइट बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी तर हार तिलाच घातला. मी पुढे होणार, तेवढ्यात सुपडाभाऊ हळूच म्हणाले, "राहू द्या मॅडम. बरोबर घराले आले ते."

उन्हाळ्यात आमचे सर आले. दुसरी रास हटवा म्हणाले, लोक गोंधळतात. टेक्निकली त्यांचं बरोबर होतं. मी सुपडाभाऊंना तसं सांगितलं.

ते विळा बाजूला ठेवून बांधावर बसले.

"तुमचा माणूस तं तुम्ही घेऊन गेल्या. तिकडं आता कोन हाय?"

कोणी नाही, मी म्हटलं.

"इकडं आमची सुमन हाय."

सुमनबाई त्यांच्या पत्नी. उत्खननाच्या आधीच गेलेल्या.

मग त्यांनी विचारलं, "मी गेलो तं माहा दगड कुठं ठेवतीन पोरं?"

"बघते."

"बघते म्हंजे हाव का नाई?"

"बघते म्हणजे बघते."

ते हसले. "पक्क्या सरकारी हाय तुम्ही."

परवा मी साइटचा नवा प्लॅन पाठवला. सरांचा फोन आला. दुसरी रास अजून प्लॅनवर का?

मी म्हटलं, सर, साइट दफनाची आहे. पहिल्या राशीचा वापर थांबलाय, दुसरीचा चालू आहे.

सर म्हणाले, तिलाही हद्दीत घ्या.

हे सुपडाभाऊंना सांगता आलं नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलाने दगड ठेवला. आईच्या शेजारी ठेवायचा होता. पण आईचा दगड कुठला, हे आता कोणालाच सांगता येत नाही. म्हणून त्याने सगळ्यात वर ठेवला.

मी ठरलेल्या जागेवरून फोटो घेतला. या वेळी दोन्ही राशी फ्रेममध्ये.

माझा दगड मी फोटोनंतर ठेवला.

सुपडाभाऊ, रास हलणार नाही.
निवांत राहा.