धनेशची लाल गाडी आणि खजरान्याची वाट

इंदूरचं पलासिया मागे टाकून अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात धनेशच्या सँडलचा पट्टा सुटला. तो थांबला. शैलजा फुटपाथवर वाकली आणि पट्टा लावून दिला. चोपन्न वर्षांचा भाऊ. त्याचा पट्टा लावून द्यायची वेळ याआधी आली होती ती तो पहिलीत असताना.

"रिक्षा करू या का रे?"

"ताई, तुला गाडीनं नेणार होतो. गाडी नाही तर पायी. पाय तर चालू आहेत ना अजून, यार."

दोघं पुन्हा चालू लागली. बुधवार, इथला गणपतीचा वार, असल्यानं दूर्वा-नारळ घेतलेली माणसं त्यांच्या पुढे निघून जात होती.

तुकोगंजातल्या घरामागच्या शेडमध्ये धनेशनं तीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. आजोबा दरबारच्या मोटारखान्यात होते, तेव्हापासून घरात ग्रीसचा वास. त्याची स्वतःची गाडी एकच. लाल, दोन दारांची, जुनी परदेशी स्पोर्ट्स कार, भंगारातून उचलून उभी केलेली. ऑटोमॅटिक होती, पण गियरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि तो ओढून फिरवायला मनगटात जोर लागायचा. लग्न त्यानं केलं नाही. "झालंय की! सून शेडमध्ये बसलीये," आई म्हणायची.

मागच्या वर्षी त्याच्या हातातून नट आवळायचे पाने गळायला लागले. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. आधी हात जातील, मग पाय. त्याच आठवड्यात शैलजा त्याला घेऊन खजरान्याच्या गणपतीला गेली. देवळाच्या मागच्या भिंतीवर तिनं कुंकवानं उलटं स्वस्तिक काढलं. काही मागायचं असलं की उलटं काढायचं, काम झालं की येऊन सुलटं. तिनं भावाचे हात मागितले.

धनेशनं मात्र तोवर परदेशातून गियरचा नवा दांडा, शिफ्टर, मागवला होता. दोन सीटांच्या मध्ये बसणारा, तळहातानं ढकलला की एकेक गियर पडणारा. फक्त गाडी जागेवर धरून ठेवणाऱ्या 'पार्क'मधून काढताना दांड्याचा खटका दोन बोटांनी वर ओढायचा. "दोन बोटं दिवाळीपर्यंत पुरतील," तो म्हणाला. "तुला गणपतीला मीच नेणार."

पण बसवायचा कोणी? दुसऱ्या मेकॅनिकला तो शेडमध्ये पाऊल टाकू देईना. मग जन्मभर मराठी शाळेत पाढे शिकवलेली शैलजा देवाचं नाव घेऊन गाडीखाली शिरली, आणि तो शेजारी उकिडवा बसून सांगत राहिला.

"ताई, नट आहे तो, वांगं नाही. जोर लाव!"

सव्वा महिना लागला. शेवटी केबल जोडताना चूक झाली. वर दांडा पार्कवर होता, पण खाली गियरबॉक्सची पट्टी शेवटच्या खाचेत गेलीच नव्हती, आणि तिनं नट आवळून टाकला. चाकांखालची लाकडं काढल्याबरोबर गाडी मागे घरंगळली आणि तुळशीची कुंडी फुटली. शैलजानं कान धरले. धनेश हसून हसून जमिनीवर बसला आणि दोस्ताला म्हणावं तसं म्हणाला, "वा भिया! पार्कमध्ये उभी असलेली गाडी चालवलीस तू!"

केबल सोडून पुन्हा पहिल्यापासून जोडायला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत त्याची बोटं गेली.

काल सकाळी गाडी तयार झाली. किल्ली शैलजानं फिरवली, इंजिन लागलं. धनेशनं खटक्यावर बोटं ठेवली. खटका वर येईना. पुन्हा ओढून पाहिलं. तिसऱ्यांदा बोटं घसरून मांडीवर पडली, तेव्हा तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"हात काढ तुझा!" तो ओरडला. जन्मात कधी तिच्यावर ओरडला नव्हता.

इंजिन किती तरी वेळ नुसतं चालत राहिलं. मग तो म्हणाला, "बंद कर. उद्या पायी जाऊ."

आता देवळाचा कळस दिसू लागला होता. रात्रभर मनात घोळत असलेलं तिच्या तोंडून निघालंच. "माझ्या हातून ती चूक झाली नसती तर आठ दिवस आधी…"

"चुप ना, ताई." थोडं चालून तो थांबला. "भिंतीवर तू उलटं काढलं होतंस ना, ते आज सुलटं करायचंय."

"बरं कुठे झालं रे काही?"

"तुझं नाही झालं. पण मीही मागितलं होतं तेव्हा, तुला बोललो नव्हतो. गाडीचं काम माझ्या डोळ्यांसमोर पुरं होऊ दे म्हटलं होतं. झालं की. पार्क आता पक्का धरतो."

त्यानं उजवा हात कसाबसा उचलून तिच्यापुढे धरला. बोटं खाली लोंबत होती.

"कुंकवात बोट माझंच बुडव," तो म्हणाला. "हात तू धर."