दगड भरलेली नाव

नाशिकहून घोटीची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पेढ्यांचा पुडा होता आणि मनात एकच वाक्य घोळत होतं : "बाबा, ते मीच लिहिलं होतं, माफ करा." एवढं म्हणायला मला नऊ वर्षं लागली.

नऊ वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात दारणेच्या काठाशी मला एक लाकडी नाव बुडालेली दिसली होती. आत दगड, वर गुडघाभर पाणी, आसपास चिटपाखरू नाही. परतीची जीप हॉर्न मारत होती. मी फोटो काढला आणि रविवारच्या पुरवणीत ठोकून दिलं की तीन पिढ्यांचा धंदा पाण्यात गेला. पिढ्या जीपवाल्याने सांगितलेल्या, बाकी सगळं माझ्या मनचं. शाबासकीची पत्रं आली, मी फुगलो. परवा सातपूरला त्या गावचा, पण गाव कधीच सोडलेला एक कामगार भेटला. माझं नाव ऐकून म्हणाला, "अहो, ती मुद्दाम बुडवत्यात! नाववाला म्हातारा तुमच्या लेखानं लय खचला." त्याच रात्री मी माफी मागायला जायचं ठरवलं.

घोटीत चहा घेतला, भातगिरणीचा कोंडा अंगावर घेऊन जीपमध्ये बसलो. काठावर पोचलो तर तीच नाव, तशीच बुडालेली. कमरेएवढ्या पाण्यात नवराबायको दगड काढत होते.

"पावनं, जरा हात लावा की," बाई म्हणाल्या. त्या हिराबाई, म्हाताऱ्याची सून.

मी पिशवी काठावर ठेवून पँटसकट उतरलो. सगळं माहीत असून विचारलं, "बुडवता कशाला?"

"उन्हानं फळ्या सुकत्यात, फटी पडत्यात. आठ दिस पाणी पाजलं का लाकूड फुगतं, फटी मिटत्यात. आजेसासऱ्यांपासनं असंच हाय. धरण झालं, घरं अल्याड अन् शेतं पल्याड राह्यली, तवा त्यांनी पहिली नाव घातली. सुगीला घरटी पायलीभर भात घ्यायचं अन् वर्सभर गाव न्यायचं-आणायचं. एक माणूस बुडू दिला नाय."

"आणि सासरे?"

"गेले. दोन वर्सं झाली." त्यांनी दगड काठावर फेकला. "कुण्या मेल्यानं पेपरात छापलं, नाव बुडाली म्हणून. त्या साली नवरीला कुणी नावेत बसू देईना, वऱ्हाडं लांबच्या रस्त्यानं गेली. बाजारात लोक चिडवायचे. शेवटाला दवाखान्यात मामंजी नर्सबाईलासुदिक सांगायचे, बाई, माझी नाव बुडाली नव्हती."

बोल, आता तरी बोल, मी स्वतःला म्हटलं. तोंडातून निघालं, "अरेरे."

बादल्यांनी पाणी उपसलं, नाव वर आली. हिराबाईंनी माझ्या हातात नारळ दिला. "पहिल्या खेपेचा नारळ पावन्याच्या हातानं, आमची रीत हाय. काय काम करता तुम्ही?"

"मास्तर आहे," मी म्हणालो आणि नारळ फोडला.

पलीकडे जाईपर्यंत मी तळाकडे बघत होतो. थेंबभर पाणी आत आलं नाही. पलीकडच्या काठावर, शेतातल्या खोपटात त्यांनी मला नागलीची (नाचणीची) भाकर आणि सुकटीची चटणी वाढली. पिशवीतला पुडा दिसला तसं भाऊंनी, हिराबाईंच्या नवऱ्याने, विचारलं, "पेढे कसले?"

"मुलगी पास झाली."

मला मुलगी नाही. दोघांनी पोरीला आशीर्वाद दिला आणि देवापुढे एक पेढा ठेवला. मी भाकर संपवली. अशा माणसाला काय म्हणावं!

परत अलीकडे सोडताना हिराबाई म्हणाल्या, "मास्तर, पेपरात कुणी वळखीचं असलं तर सांगा. आमची नाव बुडाली नव्हती, एवढं एकदा छापा म्हनावं."

"सांगतो," मी म्हणालो, आणि जीप गाठली.

घोटीपासून नाशिकपर्यंत खिडकीबाहेर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी काही पाहिलंच नाही. घरी येऊन हात न धुता लिहायला बसलो. तोंडाने जमलं नाही ते इथे, त्याच पुरवणीसाठी, लिहितो. हिराबाई, तो मेला मीच. नारळ तुम्ही माझ्याच हातून फोडून घेतलात. तुमच्या सासऱ्यांची नाव बुडाली नव्हती.