नव्याण्णवांपाशी कोण बसणार?

पिंगळी स्टेशनच्या पलीकडच्या माळावर एकदा भर दुपारी माझी फजिती झाली… आणि चारच दिवसांनी त्याच माळावर मी जिंकलो. आज नव्वदीला टेकलोय, पण दोन्ही आठवणी एकदमच येतात.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी वीस-एकवीसचा, नगरकडून परभणीला नवा नवा आलेला ख्रिस्ती प्रचारक. लोक मला मास्तर म्हणायचे. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं… आणि स्वतःवर जरा जास्तच खूश होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

नाताळ नुकताच झाला होता. माळावर धनगरांचा तळ पडलाय असं कळलं आणि मी हरखलोच. माझ्याकडे मिशनचा कापडावर रंगवलेला मोठा पडदा होता… खांद्यावर कोकरू घेतलेले प्रभू येशू. धनगरांना हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायची, याहून सोपं काय!

पडदा बाभळीला बांधला आणि सुरू झालो. शंभर मेंढरं होती, त्यातलं एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला निघाला… इथे माझा आवाज हमखास भरून यायचा. तसा आलाही.

तेवढ्यात तळाचे कारभारी सटवाजीमामा म्हणाले, "आन् मास्तर, नव्याण्णवांपाशी कोण बसलं व्हतं?"

मी पडद्याकडे बोट दाखवत गोष्ट पुढे रेटली, पण मामा कुठले थांबतात! "तसंच सोडून गेला? मग लांडग्याची दिवाळीच की! असला गडी आमी एक दिस ठिवणार न्हाई." सगळा तळ खो खो हसला. मामांचे वडील म्हातारबा… डोळ्यांनी अधू, कानांनी त्याहून अधू… सगळे हसतात म्हणून तेही हसले.

मी पडदा गुंडाळला आणि तणतणत परत आलो. चार दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना. राग मामांवर कमी, स्वतःवरच जास्त होता.

चौथ्या दिवशी उत्तराची जुळवाजुळव करून, पडदा काखेत मारून पुन्हा गेलो. चांगलं तासाभराचं उत्तर होतं! पण ऐकायला कोण होतं… तरणी माणसं परभणीच्या बाजाराला गेलेली, आणि सटवाजीमामा एकटेच मेंढरांच्या कडेने येरझाऱ्या घालत होते. म्हातारबा सकाळपासून दिसत नव्हते. मामी ओढ्याच्या अंगाला शोधायला गेल्या होत्या… आणि दुसरी वाट रेल्वेच्या रुळाकडे जात होती.

"दुपारची गाडी यायचा वकत झालाय, मास्तर. म्हाताऱ्याला दिसंना, ऐकू यीना… पर मेंढरं कुणाच्या जिवावर सोडू?" शेजारीच हुरड्यात आलेली ज्वारी उभी होती. मेंढरं त्यात घुसली असती तर शेतमालकाने तळच उठवला असता, वर कळप कोंडवाड्यात गेला असता.

तासाभराचं उत्तर तोंडात तसंच राहिलं. "तुम्ही जा मामा. मी बसतो नव्याण्णवांपाशी."

मामांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं… पांढरं धोतर, काळा कोट. मग काठी माझ्या हातात कोंबली आणि पळत सुटले. कुत्रंही त्यांच्याच मागे गेलं.

बसतो म्हणालो खरा, पण बसायला मिळालं नाही हो! मेंढरांना माझं वक्तृत्व काही पटेना. एक वळलं की मागे सगळी वळायची, आणि मी बांधावरून नुसता धावत होतो. चप्पल तुटली, धोतर काट्यांनी फाडलं.

शेवटी लक्षात आलं… ज्वारीभोवतीच्या काट्यांच्या कुंपणाला एक भगदाड होतं, आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच. मी पडदा काढला आणि त्या भगदाडात दोन बाभळींच्या मध्ये ताणून बांधला. वाऱ्याने फडफडला की मेंढरं बिचकून मागे सरायची. एका एडक्याने शिंगाने कोपरा टरकावला… आमचे मिशनचे पाळकसाहेब काय म्हणतील हा विचार आला आणि तसाच गेलाही.

मग गाडीची शिट्टी ऐकू आली. लांबलचक… थांबेचना. माझे पाय रुळाकडे निघालेच होते. पण मी गेलो तर मामांनी ज्याच्या भरवशावर कळप सोडला होता, तोच पळाला असं झालं असतं. इतकी अवघड प्रार्थना मी आयुष्यात केली नाही… डोळे उघडे ठेवून, दोन्ही हात पसरून, मेंढरांच्या तोंडासमोर उभा होतो.

दिवस कलताना मामा दिसले. पाठीवर म्हातारबा! रुळांच्या मधोमध बसून तंबाखूची चंची चाचपत होते म्हणे. मामांनी उचलून बाजूला घेतलं आणि गाडी धडधडत गेली… तेवढाच काय तो वेळ मिळाला होता. मी आनंदाने असा ओरडलो की मेंढरं पुन्हा बिचकली.

मामांनी कळपावरून नुसती नजर फिरवली. "समदी हायत," म्हणाले, आणि माझ्या फाटक्या धोतराकडे बघत राहिले.

संध्याकाळी बाजाराची माणसं परतली. मी घसा साफ केला, तर मामांनी हातानेच मला गप्प केलं. फाटक्या पडद्यापाशी उभं राहून गोष्ट त्यांनीच सांगितली… "येक मेंढरू हरवलं. धनी हुडकाय गेला. आन् नव्याण्णवांपाशी त्यानं आपला येक गडी बशिवला. ह्यो काय, हितं बसलाय! मास्तरांच्या गोष्टीत ह्योच राहिला व्हता."

या वेळी कुणी हसलं नाही. माझे डोळे मात्र भरून आले… आणि ते पाठ केलेलं नव्हतं.

पुढे पन्नास वर्षं उपदेश केले, पण मामांच्या त्या चार-पाच वाक्यांची सर कशालाच आली नाही. पाळकसाहेबांनी सगळी हकीकत ऐकली आणि पडद्याचा तो कोपरा कधी शिवू दिला नाही.

परवा शेजारच्या सूनबाई सासऱ्यांना घेऊन घाईघाईने दवाखान्यात धावल्या. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई एकट्याच… मी त्यांच्या खाटेशेजारी खुर्ची ओढली. प्रभूची कृपा… आता पळता येत नाही, पण बसता अजून येतं.